चाँदची तारीख आणि भरतीची वेळ

आपल्या घरांत 'फिरायला जाणं' हा प्रकार तसा अलीकडचा. माझ्या लहानपणी घराला कुलूप लागायचं ते तीन कारणांनी: लग्न, मयत आणि उरूस. लग्नाला महिनाभर आधी एस.टी.चं आरक्षण व्हायचं, मयतीला रातोरात जीप ठरायची आणि उरसाला मोहल्ल्यातली दहा घरं मिळून टेम्पो करायची. नुसतं पाणी बघायला, वाळूत पाय खुपसून बसायला कुणी पैसे मोडत नसे. आता तसं राहिलेलं नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं 'मेरी सैर' या निबंधात महाबळेश्वर नाही तर कोकण लिहितात आणि ते खरं असतं. पण ज्या घरात ऑटिझम असलेलं मूल आहे, त्या घराला जुनाच नियम लागू राहतो. वर एक चौथं कारण वाढतं, इलाज. अमुक हकीम, तमुक बाबा, पुण्याचे डॉक्टर. त्या मुलाचा प्रत्येक प्रवास कुणाच्या तरी दाराशी जाऊन रांगेत बसण्यासाठी असतो.

माझ्या मुलाने नऊ वर्षांचा होईपर्यंत असे अकरा प्रवास केले. मी ते वहीत लिहून ठेवले आहेत. बारावा मला समुद्राचा करायचा होता, आणि तिथं कुणाला भेटायचं नव्हतं.

मुलाचं नाव इथं लिहीत नाही. ते त्याचं आहे. मोठेपणी हे छापलेलं कुणी त्याच्यापुढे धरलं तर त्याला काय वाटेल, हे मला आज सांगता येत नाही.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द छान आहे, पण मला तो पुरता पटत नाही. स्वतःत बुडालेला माणूस मला माझ्या मुलात दिसत नाही. उलट बाहेरचं जग त्याच्यात जरा जास्तच शिरतं. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची फडफड, नव्या कपड्याचा कडकपणा. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष नव्याने मांडले, तेव्हा आवाज, स्पर्श, उजेड यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास होणं हेही लक्षणांत धरलं गेलं. आयांना ते आधीपासून ठाऊक होतं.

आमच्या घरात अशी मुलं दोन. माझा मुलगा आणि नणंदेची बारा वर्षांची मुलगी. लोकांना वाटतं, दोघांना एकच 'बीमारी', म्हणजे दोघं सारखीच असतील. प्रत्यक्षात दोघं दोन टोकांची. मुलगा पाणी दिसलं की सरळ त्याच्याकडे चालू लागतो. मध्ये रस्ता आहे, म्हैस आहे, नाली आहे, याचा त्याला पत्ता नसतो. भाची कुठेच पळत नाही. तिला पायाला काही चिकटलेलं चालत नाही, आणि अचानक आलेला आवाज तर अजिबात नाही. कुकरच्या शिट्टीसाठी आपा (माझी नणंद, मी तिला आपाच म्हणते) आधी तिला बोटं दाखवून सांगते, तीन होणार. तिन्ही झाल्या की ती कानावरचे हात काढते. चौथी झाली तर दिवस गेला. म्हणजे मुलासाठी समुद्र ओढ लावणारा म्हणून धोक्याचा, आणि भाचीसाठी वाळू व माणसांचा गोंगाट म्हणून. एका सहलीत दोघांना बसवायचं होतं.

विषय निघाला तेव्हा घरातल्या मोठ्या फुफीने तिथल्या तिथे तोड काढली. "हाजी अलीकू जाव. समंदर बी देख लेते, जियारत बी हो जाती." त्यांचं मन मी समजू शकते. त्यांनी या पोरांसाठी जितकी दुआ केली आहे तितकी मीही केली नसेल. पण हाजी अलीचा रस्ता डोळ्यांपुढे आणून बघा. दोन्ही बाजूंना पाणी, मधून तो दगडी रस्ता, भरतीला तोही पाण्याखाली जाणारा. गुरुवारी-जुम्म्याला हजारोंची गर्दी, वाटेवर हात पुढे करणारे फकीर, वर कव्वाली. माझ्या मुलाला पळायला दोन्ही बाजू मोकळ्या आणि भाचीला कान झाकून पळायला एकही नाही. शिवाय दर्ग्यात गेलो की पुन्हा आम्ही काहीतरी मागायला आलेले लोक झालो. मला त्या वेळी मागायचं नव्हतं. मी फुफींना एवढंच म्हटलं, "जियारतकू मैं अलग से आती, फुफी. तुमारे संग." त्यांनी ते मान्य केलं, आणि आम्ही त्यानंतर जाऊनही आलो. पण तो भाग वेगळा.

आम्ही मिरजेचे. आम्हाला समुद्र म्हणजे आंबा घाट उतरून रत्नागिरी, फोंडा किंवा गगनबावडा उतरून मालवण, नाही तर कराडहून कुंभार्ली उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर-दापोली. गणपतीपुळे सगळ्यांत सोयीचं, खोल्याही भरपूर. पण तिथला समुद्र फसवा आहे, तिथे बुडण्याच्या घटना घडत आल्या आहेत, आणि सूचनांचे फलक माझा मुलगा वाचणार नाही. तारकर्लीचं पाणी नितळ, पण तिथं आता मोटारबोटी आणि जेट स्कीचा बाजार झाला आहे. भाचीचे कान त्यात टिकले नसते. मुरुड-जंजिऱ्याचा किल्ला सिद्द्यांचा म्हणून आपल्या लोकांना त्याचं अप्रूप, पण शिडाच्या होडीत खच्चून भरलेल्या माणसांत बसायचं आणि किल्ल्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर उडी मारायची, हे आमच्यासाठी नव्हतं. दिराने गोवा सुचवला. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर सरकारने नेमलेले जीवरक्षक असतात, ही बाजू जमेची होती. बाकी सगळं खर्चात. दापोलीजवळच्या कर्द्याची वाळू टणक आणि सपाट. इतकी की लोक तिच्यावर गाड्या फिरवतात. तेवढ्यासाठीच तेही वगळलं.

समुद्राच्या बाबतीत माझी भीती नुसती आईची भीती नव्हती. २०१२ साली 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकन नियतकालिकात एक पाहणी आली होती. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी वयाच्या चार वर्षांनंतर एकदा तरी निसटून जायचा प्रयत्न केला होता. जी हरवली, त्यांच्यापैकी सुमारे पाव मुलं बुडता बुडता वाचली, असं त्यांच्या पालकांनी सांगितलं होतं. अशा मुलांना पाणी का ओढतं, याचं एकच उत्तर नाही. चमकतं, हलतं, एकसारखा आवाज करतं, अंगाला सगळीकडून घट्ट दाबतं. माझा मुलगा घरी बादलीत कोपरापर्यंत हात घालून अर्धा तास गप्प बसतो, तेव्हा मला त्यातलं थोडं कळतं.

मग फोन सुरू झाले. दोन ठिकाणी मी सरळ सांगितलं की दोन मुलं ऑटिझमची आहेत. एका जागी समोरच्याला शब्द कळला नाही, मी समजावल्यावर त्याने विचारलं, "मारतात का?" दुसऱ्या जागी मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, बाकीच्या गेस्टना त्रास होईल, तुम्ही सीझन संपल्यावर बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी आहे आणि भेदभावाला मनाईही आहे. ते त्याला फोनवर ऐकवावं असं वाटलं. पण मला खटला नको होता, खोली हवी होती.

शेवटी शाळेतल्या एका बाईंच्या डी.एड.च्या मैत्रिणीने तिच्या ओळखीतलं एक घर सुचवलं. दापोली तालुक्यातलं किनाऱ्याचं गाव. नाव लिहीत नाही. लिहिलं की गाड्या येतात. कोकणी मुसलमानांचं जुनं चिऱ्याचं घर, चाचा कुवेतमध्ये तीस वर्षं काढून परतलेले, मुलं अजून तिकडेच. दोन खोल्या भाड्याने देत. चाचींशी माझं पहिलं बोलणं चाळीस मिनिटं चाललं. जेवण काय, गादी कशी, हे मी विचारलंच नाही. माझे प्रश्न ऐकून त्यांना मी पोलीस खात्यातली वाटले असेन. घराला कंपाउंड आहे का? आहे, गडगा आहे, कमरेइतका. फाटक? बेडं आहे, बांबूचं, आता लोखंडी करून घेतलंय. कडी आतून की बाहेरून? घरापासून वाळू किती पावलं? मधे रस्ता लागतो का? कुत्रा? जनरेटर? वीज गेली तर तो आपोआप सुरू होतो की कुणी जाऊन सुरू करतं? विहीर?

"विहिरीला जाळी हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "माझी नातवंडं येतात ना मे महिन्यात."

या एका वाक्याने घर निम्मं ठरलं. उरलेला एक प्रश्न विचारताना मी अडखळले. मशीद किती लांब आहे? चाचींना आधी वाटलं, घरच्या पुरुषांच्या नमाजसाठी विचारते आहे. त्या आनंदाने म्हणाल्या, हीच काय, शंभर पावलांवर. मग मला सांगावं लागलं की भोंग्याचं तोंड कुठे आहे ते हवंय. क्षणभर त्या गप्प झाल्या. मुसलमान बाई असून हिला अजान नको, असं त्यांच्या मनात आलं असणार. मी कुकरच्या शिट्टीची गोष्ट सांगितली. अजान नको असं नाही. ती कधी होणार ते मुलीला आधी कळायला हवं, एवढंच. हा खुलासा मला आमच्या मोहल्ल्यातही करावा लागलेला आहे. ठरलेला आवाज भाचीला चालतो. पाच अजानांच्या वेळा ती घड्याळाकडे बघून आपल्यापेक्षा नेमक्या सांगते, हात कानावर नेते, संपली की काढते. तिला जाचतो तो कधीही, कुठूनही येणारा आवाज: हॉर्न, फटाके, वरातीचा डीजे. चाचा फोनवर आले, म्हणाले, "भोंगा मोहल्ल्याकडे हाय, दर्याकडे नाय. आन वेळापत्रक भिंतीला लावतो." आम्ही गेलो तेव्हा खरंच पडवीत जंत्रीचं पान चिकटवलेलं होतं.

आता तारीख. लोक समुद्राला जाताना हवामान बघतात, आम्हाला चंद्र बघावा लागला. कोकणात भरतीचं एक जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. पंचमी असेल तर पाचाचे पावणेचार. म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमाराला पाणी भरतं, आणि सकाळी पावणेदहाला पुरतं ओसरतं. पुनवेला-अवसेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार बेताचा. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते. हे शिकवताना चाचा म्हणाले की आपल्या चाँदच्या तारखेत एक किंवा दोन मिळवले की तिथी येते, आपल्या लोकांनी पंचांग कशाला शोधायचं? मला हे फार आवडलं. आपण चाँद बघतो तो रोजा आणि ईद धरायला. त्याच चाँदवर खलाशी आणि मच्छीमार आपली रोजची वेळ लावत आले आहेत, हे मी सागरापासून दीडशे किलोमीटर आत वाढल्यामुळे मला ठाऊक नव्हतं. मोबाइलवरच्या वेळांशी ताडून पाहिलं तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेवढा धरून चालायचं.

आम्हाला हवी होती सकाळची ओहोटी. ऊन चढायच्या आत, आठ ते दहा, पाणी लांब गेलेलं आणि मधे सपाट ओल्या वाळूचा रुंद पट्टा. मुलगा सुटलाच तर पाण्यापर्यंत पोचायला त्याला शे-दीडशे पावलं पळावं लागेल. तेवढ्या अंतरात मी त्याला गाठते, हे शाळेच्या मैदानावर अजमावून बघितलेलं होतं. शिवाय किनाऱ्यावर गर्दी नको. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ बाद, मे महिना तर नावच नको, आणि पावसाळ्यात समुद्र बंदच. बघता बघता बोट ईदवर येऊन थांबलं. २०२५ ची रमजान ईद ३१ मार्चला, सोमवारी होती. शव्वालची तीन, चार, पाच म्हणजे २, ३ आणि ४ एप्रिल. बुधवार ते शुक्रवार. ओहोटी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, उधाण ओसरायला लागलेलं. शाळांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर, म्हणून किनारे रिकामे. मी चार किरकोळ रजा टाकल्या. २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो, हे रजेचा अर्ज लिहिताना लक्षात आलं. संयुक्त राष्ट्रांनी तो २००८ पासून सुरू केला. त्या दिवशी इमारतींवर निळे दिवे लावतात. कारण 'वैयक्तिक' असं लिहून मी अर्ज दिला.

तयारीला दोन महिने लागले, आणि ती आमच्या गच्चीवर झाली. बांधकामाची चार घमेली वाळू चाळून, धुऊन वर नेली. भाची पहिल्या दिवशी जिन्यावरूनच परतली. मग मोजे घालून. मग मोजे घालून घमेल्यात एक पाय. आपाने घाई केली नाही. मुलासाठी मी चित्रांची वही केली: गाडी, घाट, उलटी आली तर पिशवी, घर, खाट, समुद्र, पुन्हा घर. अशा गोष्टीरूप वह्यांची पद्धत अमेरिकेतल्या कॅरल ग्रे या शिक्षिकेने रूढ केली. मी फक्त ती उजवीकडून डावीकडे केली, कारण तो उर्दू शाळेत येतो आणि पान तसंच उलटतो. भाची मराठी शाळेत. तिची वही डावीकडून उजवीकडे. एका गाडीत एकच सहल दोन दिशांनी वाचली जात होती.

दोरीवरून मात्र घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, मुलाच्या कमरेला पट्टा आणि दोरी बांधू. परदेशात लहान मुलांना बांधतात, त्यात काय? युक्तिवादात खोट नव्हती. पण मला एरवाडी आठवत होतं. तेही समुद्रकाठचंच गाव, तामिळनाडूतलं, दर्ग्यासाठी प्रसिद्ध. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी गेले. घरच्यांनीच त्यांना बरं होण्यासाठी तिथं ठेवलेलं होतं. आमची दोरी आणि ती साखळी एक नव्हे, हे मला कळत होतं. तरी माझ्या हातून ती बांधली गेली नसती. दीर गप्प बसून ऐकत होता. त्याने दोरी घेतली आणि गच्चीच्या मधोमध, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत जमिनीलगत ताणून बांधली. लाल नायलॉनची, वीस मीटर. मुलगा तिच्यापर्यंत गेला, थांबला आणि तिच्या कडेकडेने चालू लागला. रेषा त्याला आवडतात. फरशीच्या फटी, झेब्रा क्रॉसिंग, वहीचा समास. दोन महिने तो रोज संध्याकाळी त्या दोरीच्या कडेने चालला. "लकीर के इधर," एवढेच शब्द आम्ही वापरत होतो, सगळे तेच.

फुफींनी निघताना दोघांच्या दंडाला ताविज बांधले. मुलाच्या ताविजाच्या दोऱ्यातच मी फोन नंबर कोरलेला स्टीलचा बिल्ला ओवला. गळ्यात तो काही ठेवत नाही, दंडावर चालतं. फुफींनी बिल्ला निरखून पाहिला, पुटपुटत त्याच्यावरही फुंकर घातली.

मंगळवारी फजरनंतर निघालो. कराड, कोयनानगर, कुंभार्ली. पिशवी दोनदा लागली. पोचायला असर झाली. त्या संध्याकाळी समुद्रावर गेलोच नाही. वहीत पहिल्या दिवशी फक्त घर आणि खाट होती.

बुधवारी सकाळी दिराने दोन बांबू रोवले, दोरी ताणली. मुलाला भडक नारिंगी सदरा. निळा-हिरवा कपडा पाण्यात दिसत नाही. पहाऱ्याच्या वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या होत्या. ज्याची पाळी त्याने फक्त मुलाकडे बघायचं, फोन दुसऱ्याच्या हातात. "अब मेरा" असं मोठ्याने म्हटल्याशिवाय पाळी बदलायची नाही, कारण चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. मुलगा बेडं ओलांडून वाळूवर आला, त्याने पाणी पाहिलं आणि सुटलाच. नवरा मागे धावला. मी श्वास घेतला नाही. दोरीशी तो थांबला. पायाच्या अंगठ्याने दोरीला शिवला. मग डावीकडे वळून कडेकडेने चालू लागला, बांबूपर्यंत, आणि परत. धाकटीने, ती तेव्हा सहाची, मोजल्या: ४१ फेऱ्या. समोर इतका मोठा समुद्र, आणि हा वीस मीटर दोरीवर खूश. मधूनमधून थांबून पाण्याकडे तोंड करून तो हुंकार भरत होता, लाटेच्या लयीत.

भाची त्या दिवशी ओटीवरच बसली. चाचींनी तिला सुपारी आणि आडकित्ता दाखवला, तिने सुपाऱ्या आकाराप्रमाणे लावल्या. गुरुवारी मोजे घालून ती वाळूवर आली, चटईच्या कडेपर्यंत. लाटांचा आवाज तिला अजिबात त्रास देत नव्हता. एकसारखा होता म्हणून असेल. आपा तिच्याशेजारी बसून नुसती समुद्राकडे बघत राहिली. नंदोई कतारला, बारा वर्षं ही बाई एकटी शाळा-दवाखाना करते आहे. तिने त्या दोन तासांत एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

जेवणाचा प्रश्न येईल असं वाटलं होतं, आला नाही. मुलगा पांढरा भात, दही, उकडलेला बटाटा आणि पारले-जी यापलीकडे काही खात नाही. चाचींनी पहिल्या दिवशी तांदळाची भाकरी आणि सुरमई पुढे केली, त्याने ताट ढकललं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी भात आणि दही, काही न बोलता. आमच्याच नात्यात याच कारणावरून लोक दुखावलेले आहेत.

शुक्रवारी गडबड झाली. ओहोटी उशिरा होती, म्हणून आम्ही उशीरपर्यंत थांबलो, आणि पाणी परत फिरून दोरीला लागलं, मग अलीकडे आलं. मुलगा जो ओरडायला लागला तो थांबेना. पाणी पायाला लागलं म्हणून नव्हे. समुद्राने नियम मोडला होता. लकीर के इधर. दोन महिने आम्ही त्याला जे सांगितलं, ते समुद्राला कुणी सांगितलं नव्हतं. तो वाळूवर पडून डोकं आपटू लागला, मी त्याच्या डोक्याखाली हात धरला. एव्हाना एक गाडी येऊन थांबली होती, त्यातली माणसं घोळका करून उभी राहिली. एका बाईने चाचींना विचारलं, काय झालंय याला? चाची चटई गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "काय नाय, दर्यावर रागावलाय." माणसं पांगली.

दिराने बांबू उपटले, वर कोरड्या वाळूत नेऊन रोवले, दोरी पुन्हा ताणली. "नई लकीर," तो म्हणाला. मुलाने ऐकलं की नाही कळेना. वीसेक मिनिटांनी उठून तो गेला आणि नव्या दोरीच्या कडेने चालू लागला, हुंदके देत. त्या गोंधळात भाचीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आपाला परत येऊन बघते तर तिने एक मोजा काढून नीट घडी करून चटईवर ठेवला होता. एकच. दुसरा शेवटपर्यंत पायात होता.

शनिवारी सकाळी, मुंबई-पुण्याच्या गाड्या यायच्या आत, आम्ही निघालो. हिशेब करताना चाचांनी जंत्री काढली आणि पुढच्या ईदची तीन-चार-पाच तारीख पेन्सिलीने धरून ठेवली. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. मार्चमधून फेब्रुवारीत, मग जानेवारीत. २०३३ साली तर ती दोनदा आहे, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरअखेर. म्हणजे अजून बरीच वर्षं ती थंडीत आणि कोरड्या दिवसांत पडेल. पावसाळ्यात जायला वेळ आहे. चाँदच्या तारखा मात्र त्याच, म्हणून ओहोटीही सकाळचीच. २०३३ मध्ये माझा मुलगा सतरा वर्षांचा असेल, त्याच्या अब्बांपेक्षा उंच. शे-दीडशे पावलांत मी त्याला गाठू शकणार नाही. चाचांना मी हे बोलले नाही. नवऱ्याने दापोलीच्या बाजारात गाडी थांबवली आणि तशीच लाल दोरी आणखी वीस मीटर घेतली.